कथा : दुसऱ्याची

माझ्या सुरुवातीच्या चित्रपटांच्या पाटीवर 'कथा, पटकथा, दिग्दर्शन' असं एकत्र लिहून त्याखाली माझं एकट्याचं नाव यायचं. लोकांना वाटायचं, माणूस अष्टपैलू आहे. खरं कारण बरंचसं हिशेबाचं होतं. ऐंशीच्या दशकातल्या मराठी चित्रपटात लेखकाचं मानधन हा सगळ्यात आधी कात्री लागणारा आकडा. नायिकेच्या साड्या, लॉजचं बिल, कच्ची फिल्म यांवर निर्माता घासाघीस करी, पण शेवटी पैसे काढी. लेखकाच्या रकान्यात मात्र 'दिग्दर्शक स्वतः' असं लिहून मोकळा होई. मीही ते आनंदानं पत्करलं. तरुण होतो, फुकट मिळणारं श्रेय कोण सोडतो?

आपण रचलेल्या गोष्टीची एक गंमत असते. ती पाळीव कुत्र्यासारखी असते, हाक माराल तिकडे येते. पन्हाळ्यावर पाऊस थांबेना, तेव्हा नायक-नायिकेचा उन्हातला प्रसंग मी लॉजच्या जिन्यात आणला. खलनायकाचं काम करणारा नट नाटकाच्या दौऱ्यावर निघून गेला, तर रात्रीतून त्याला दुबईला पाठवून दिलं आणि उरलेल्या चित्रपटात तो फक्त फोनवरून धमक्या देत राहिला. एकदा सेटवर आलेला वितरक जेवता जेवता म्हणाला, 'नायिका मेली तर खानदेशात पिक्चर दुसरा आठवडा बघणार नाही.' दुपारी ती मरणार होती, संध्याकाळी वाचली. कुणी हरकत घेतली नाही, कारण हरकत घ्यायला हवी होती ती लेखकानं. लेखक मीच होतो आणि दिग्दर्शकाच्या शब्दाबाहेर नव्हतो.

त्यात कच्च्या फिल्मचा धाक. ३५ मिलिमीटरची हजार फूट फिल्म म्हणजे पडद्यावर जेमतेम अकरा मिनिटं. कॅमेऱ्याला ४०० फुटी मॅगझिन लावलं तर साडेचार मिनिटांत खेळ खलास. निर्मात्याचा माणूस कोपऱ्यात डबे मोजत बसलेला असायचा. हळूहळू लिहितानाच मी मनात डबे मोजायला लागलो. दोन माणसं समोरासमोर उभी राहून बोलतायत, मास्टर शॉट, दोन क्लोज, झालं. माझ्या चित्रपटांतली माणसं फारशी हिंडत-फिरत नाहीत, असं एका समीक्षकानं लिहिलं होतं आणि त्यातून माझ्या शैलीबद्दल काही निष्कर्षही काढले होते. त्यामागे शैली वगैरे काही नव्हती, ट्रॉलीचं भाडं होतं.

त्या चित्रपटांची मला लाज वाटत नाही. काही चालले, एक बराच चालला, त्यावर घर झालं. पण आज ते टीव्हीवर लागले की मला प्रत्येक प्रसंगामागची अडचण दिसते, गोष्ट दिसत नाही.

तसं पाहिलं तर उसनवारी आमच्या धंद्यात जुनीच. 'अशी ही बनवाबनवी' (१९८८) 'बीवी और मकान' (१९६६) या हिंदी चित्रपटावरून आलेला, आणि त्याच्याही मागे 'जय माँ काली बोर्डिंग' (१९५५) हा बंगाली चित्रपट. 'पिंजरा'च्या (१९७२) मागे जर्मन 'द ब्ल्यू एंजल' (१९३०) आणि त्याच्या मागे हाइनरिश मान यांची १९०५ सालची कादंबरी. आपल्यापर्यंत येईपर्यंत त्या मास्तरनं किती देश पालथे घातले! पण आमची उसनवारी बहुतेक पडद्यावरून पडद्यावर चालायची. पुस्तकाच्या कपाटाकडे वळणारे थोडे. मी उमेदवारी करत होतो तेव्हा 'सिंहासन' (१९७९) आला. अरुण साधूंच्या 'सिंहासन' आणि 'मुंबई दिनांक' या दोन कादंबऱ्यांतून तेंडुलकरांनी एक पटकथा काढली होती. मी दोन्ही पुस्तकं वाचलेली होती. चित्रपट पाहताना मी गोष्टीऐवजी गाळलेल्या गोष्टींचाच हिशेब करत बसलो. एवढी माणसं होती, ती गेली कुठे? आणि गेली तरी त्यांची जागा रिकामी कशी दिसत नाही? पुढे 'उंबरठा' (१९८२) आला, शांता निसळांच्या 'बेघर' या कादंबरीवरचा. तीही पटकथा तेंडुलकरांचीच. 'सामना' स्वतंत्रपणे लिहिणारा, नाटककार म्हणून एवढा मोठा माणूस दुसऱ्याच्या कादंबरीपुढे बसून पटकथा करतो, याचं तेव्हा मला नवल वाटे. थोडी कीवही वाटे, हे आता सांगायला हरकत नाही.

नव्वदीत मराठी थिएटरं ओस पडायला लागली आणि मी मालिकांकडे वळलो. तिथे तर गोष्टीला हाडच नसतं. टीआरपीचा आकडा आला की सून वाईट होते, पुढच्या आठवड्यात पुन्हा चांगली होते. मी दिग्दर्शन करत होतो म्हणजे रोज ठरलेली मिनिटं भरून देत होतो. पैसे वेळेवर मिळत. त्या काळाबद्दल यापलीकडे लिहिण्यासारखं काही नाही.

मग एका दिवाळी अंकात ती दीर्घकथा वाचली.

दिवाळी अंकांनी मराठीला काय दिलं याची चर्चा दरवर्षी होते, पण एक गोष्ट चित्रपटवाल्यांनी तरी ओळखायला हवी. १९०९ साली 'मनोरंजन'नं पहिला दिवाळी अंक काढल्यापासून पन्नास-साठ पानांची गोष्ट छापायला आपल्याकडे हक्काची जागा आहे. आणि दोन तासांच्या चित्रपटाला नेमकी तेवढीच गोष्ट लागते. कादंबरी घेतली की दिग्दर्शक कापत सुटतो, लघुकथा घेतली की पाणी घालत बसतो. दीर्घकथा अंगाला बरोबर बसते. असल्या शेकडो दीर्घकथा रद्दीत गेल्या असतील.

ही गोष्ट होती सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यातली. नवरा गेल्यावर बाई पिठाची गिरणी चालवते. दिराचा गिरणीच्या जागेवर डोळा आहे. घटना म्हणाल तर एवढ्याच. बाकी सगळी पानं बाई मनातल्या मनात बोलते, कारण गिरणी चालू असताना कुणाशी काही बोलताच येत नाही. लेखक सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, फारसे कुणाला माहीत नसलेले. मी त्यांच्या घरी गेलो. चहा झाला. त्यांनी विचारलं, 'तुम्हाला यात काय दिसलं?' मी स्त्रीचं एकाकीपण, पुरुषी व्यवस्था वगैरे बोलायला लागलो. दिग्दर्शकाला ही सवय असते, निर्मात्यांसमोर बोलून बोलून लागते. त्यांनी मध्येच थांबवलं. म्हणाले, 'हे तुम्हाला वाटलं. दिसलं काय?' मी जरा विचार करून म्हणालो, 'गिरणी दिसली.'

'मग घ्या,' म्हणाले.

त्यांची एकच अट होती. बाई दिरासमोर रडणार नाही. बाकी काय ते तुमचं तुम्ही बघा.

घरी येऊन मी वही घेतली आणि पानाच्या मधोमध उभी रेघ मारली. डावीकडे कथेतलं जे दिसतं ते लिहायचं, उजवीकडे जे ऐकू येतं ते. ही पद्धत मी तेव्हापासून प्रत्येक पुस्तकासाठी वापरतो. दोन्ही रकाने भरून झाल्यावर पुस्तकात जे उरतं, ती दिग्दर्शकाची अडचण. या कथेत जवळजवळ सगळीच अडचण उरली होती. म्हणून पहिल्या खर्ड्यात मी सरळ निवेदन घातलं. पडद्यावर बाई दळण दळतेय आणि मागे तिच्याच आवाजात तिचे विचार. लेखकाची वाक्यं इतकी सुंदर होती की ती सोडवत नव्हती. वाचनाला नटीला बोलावलं. तिनं शांतपणे सगळं ऐकलं आणि म्हणाली, 'सर, हे सगळं मी बोलून दाखवणार असेन, तर मी करू काय?'

माझी स्वतःची गोष्ट असती तर मी तिथल्या तिथे तिला एक शेजारीण दिली असती. शेजारीण आली की मनातलं बोलता येतं. मराठी चित्रपटांतल्या कित्येक शेजारणी अशाच जन्माला आल्या आहेत. पण इथे शेजारीण घालायची म्हटली की सगळी गोष्टच कोसळत होती, कारण या बाईला बोलायला कुणी नाही हीच तर गोष्ट. कागदावर छापून आलेली ती बाई मला नाही म्हणत होती आणि तिची समजूत काढायची सोय नव्हती. दिग्दर्शनाच्या इतक्या वर्षांत हा अनुभव मला नवा होता.

आम्ही लोकेशन बघायला निघालो. वाई, कोरेगाव, रहिमतपूर या भागांतल्या गिरण्या बघत हिंडलो. एका गावात गिरणी चालवणाऱ्या एक मावशी भेटल्या. आमच्याकडे लक्ष न देता त्यांचं काम चाललं होतं. डबे ओळीनं लागलेले, पण त्या ओळीनं दळत नव्हत्या. बाजरीवर लगेच गहू टाकला तर गव्हाच्या पिठात बाजरी उतरते, म्हणून कुणाचं दळण कुणानंतर घ्यायचं याचा त्यांचा हिशेब चालला होता. त्यावरून बायकांची कुरबुर. पीठ पडतं त्या कापडी नळीखाली मावशी मध्येच हात धरायच्या, दोन बोटांत पीठ चोळायच्या आणि बाजूचं चाक थोडं फिरवायच्या. मी ओरडून विचारलं, काय बघता? त्या तेवढ्याच मोठ्यानं म्हणाल्या, 'घट झाली की पीठ भाजतं!' दगडांमधलं अंतर कमी झालं की पीठ बारीक येतं, पण गरम होऊन येतं, करपल्यासारखा वास मारतं आणि त्याची भाकरी नीट होत नाही. म्हणून हातानं अंदाज घ्यायचा आणि चाक सैल करायचं.

मुक्कामाला आल्यावर मी दिवाळी अंक पुन्हा उघडला. एका लांबलचक परिच्छेदाच्या शेवटी ओळ होती, की त्या दिवशी सगळ्या गावानं करपलेल्या पिठाच्या भाकऱ्या खाल्ल्या. मागची दोन पानं बाई दिराबद्दल विचार करत असते. मी ती दोन पानं वाचली होती, शेवटची ओळ नजरेखालून निसटली होती. लेखकानं राग कुठे ठेवलाय ते लिहूनच ठेवलं होतं. मग सगळं निवेदन काढून टाकलं. त्याऐवजी चाकावरचा हात ठेवला. बाईच्या मनात काही भडकलं की ती चाक घट्ट करत जाते, पिठाचा रंग किंचित बदलतो, डबा घेऊन जाणारी पोरगी डब्याला हात लावून दचकते. नटीनं त्या मावशींकडे राहून हे काम शिकून घेतलं. शूटिंगला आम्ही खरंच दळलं. युनिटच्या जेवणात पुढचे कितीतरी दिवस त्याच पिठाच्या भाकऱ्या होत्या आणि स्पॉटदादा पीठ बघून सांगायचे, आज ताईंचा सीन जोरात झालेला दिसतोय.

दुसरी गोष्ट आवाजाची. गिरणी चालू असताना संवाद ठेवता येत नव्हते. तो काळ भारनियमनाचा होता, खेड्यांत रोज तासन्‌तास वीज नसायची. मी सगळे संवाद वीज गेलेल्या वेळांत टाकले. पट्टा फटफट करत मंदावतो, थांबतो, आणि गावाला कंठ फुटतो. दीर नेमका तेव्हाच येतो. शेवटी तो जागेच्या कागदांवर सही मागतो, ती उत्तर द्यायला तोंड उघडते, तेवढ्यात वीज येते आणि ती गिरणी चालू करते. हा शेवट लेखकाचाच. त्याच्या आधीची सगळी भारनियमनं माझी.

चित्रपट छोटा होता. शासनाच्या अनुदानानं आणि वाहिनीला विकलेल्या हक्कांनी खर्च कसाबसा निघाला. पण त्यानंतर मी स्वतःची गोष्ट लिहायला बसलो की हात आखडायला लागला. माझी पात्रं फारच लवकर 'हो' म्हणतायत असं वाटायचं. म्हणून मी पुस्तकांकडेच राहिलो.

पुस्तकांकडे राहायचं म्हणजे हक्कांच्या कागदपत्रांत राहायचं. आमच्या निर्मात्यांना या विषयाचा फार कंटाळा. एक जण मला म्हणाला होता, 'पुस्तक छापून झालंय ना? मग आता त्याचे कसले पैसे? शाल-श्रीफळ देऊ, प्रीमियरला पुढच्या रांगेत बसवू.' १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखक हयात असेपर्यंत आणि गेल्यानंतर ६० वर्षं हक्क त्याचे आणि त्याच्या वारसांचे असतात. ती साठ वर्षं लेखक गेल्याच्या पुढच्या जानेवारीपासून मोजतात. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणजे २०११ पासून त्यांचं लेखन सगळ्यांना खुलं. अत्र्यांनी 'श्यामची आई' केला १९५३ साली आणि पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळवलं. ज्यांनी २०२३ साली पुन्हा केला त्यांच्यापुढे हक्कांचा प्रश्न नव्हता, अत्र्यांच्या चित्रपटाशी होणाऱ्या तुलनेचा होता. बाकीच्यांना मात्र लेखी करार करावाच लागतो. त्यात मुदत लिहिली नाही तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत धरतो. आणि वर्षभरात हक्क वापरला नाही, नि करारात तशी सूट नसेल, तर तो सुटतो. मराठी चित्रपटाला निर्माता मिळून नारळ फुटेपर्यंत वर्ष कधी जातं ते कळतही नाही. नव्या दिग्दर्शकांना मी हे सांगतो तेव्हा ते मोबाइल बघत असतात.

दिवंगत लेखकाची कादंबरी घेतली की वारस येतात. मी घेतलेल्या एका कादंबरीचे वारस पुणे, नागपूर आणि न्यू जर्सीत विखुरले होते. पैशांवरून भांडण होईल म्हणून मी तयारीनं गेलो होतो. पुण्याच्या मुलानं पहिल्या बैठकीत सही केली. नागपूरच्यांनी फोनवर होकार दिला. अडलं ते न्यू जर्सीला. धाकट्या कन्येनं पटकथा मागवून घेतली आणि तिच्या रात्री, म्हणजे माझ्या भल्या सकाळी, तिचे फोन सुरू झाले. तिला ना मानधनाचं पडलं होतं, ना शेवटाचं. तिची हरकत स्वयंपाकघरावर होती. 'सर, तुम्ही लिहिलंय म्हातारी चुलीसमोर उकिडवी बसते. आजी कधी उकिडवी बसत नसे. पाट घेऊन बसायची, आणि तो पाट दुसऱ्या कुणी घेतलेला तिला चालायचा नाही.' मी म्हटलं, अहो ताई, ही कादंबरीतली आजी आहे, तुमची नव्हे. त्या म्हणाल्या, 'बाबांनी दुसरी कुठली आजी पाहिली होती?'

पाट आला. कलादिग्दर्शकानं जुन्या बाजारातून शोधून आणला. मग सून पहिल्यांदा त्या पाटावर बसते तो प्रसंग कादंबरीत नसताना आपोआप तयार झाला. तो पाहून न्यू जर्सीहून फोन आला नाही. याचा अर्थ तो चालला असा मी घेतला.

याच चित्रपटाच्या वेळी शेवटावरून निर्मात्याशी वाजलं. कादंबरीत मुंबईला गेलेला मुलगा परत येत नाही. निर्माता म्हणाला, परत आणा, एक गाणं टाकू, लोक डोळे पुसत बाहेर पडतील. जुना मी असतो तर त्या रात्री मुलगा एस्टीत बसला असता. या वेळी मी करारपत्र काढून पुढे ठेवलं. वारसांच्या लेखी संमतीशिवाय शेवट बदलता येणार नाही, असं कलम त्यात होतं. निर्माता चरफडला. 'कसले हो हे वारस,' म्हणाला. ते कलम वारसांनी घातलं नव्हतं. मीच वकिलाला सांगून घालून घेतलं होतं, आणि वारसांना ते वाचून आश्चर्यच वाटलं होतं. स्वतःच्या गोष्टीसाठी मला निर्मात्यासमोर कधी असं उभं राहता आलं नाही. 'माझी गोष्ट आहे' म्हटलं की समोरचा म्हणायचा, 'मग तर झालंच, बदला की!' 'माझी नाही' म्हटल्यावर त्याच्याकडे उत्तर नसतं. हा थोडा लबाडपणा आहे, पण तो मी पुढेही केला.

पुस्तकाला आपणही नाही म्हणावं लागतंच. दुसऱ्या एका कादंबरीतलं लग्नाचं प्रकरण वाचकांचं फार लाडकं. तीस पानं नुसती पंगत. मी ते सगळंच्या सगळं काढलं, कारण त्या तीस पानांत कुणाचंच काही पुढे सरकत नव्हतं. लेखक हयात होते. खासगी खेळाला आले, संपल्यावर थिएटरच्या पायऱ्यांवर पान लावत म्हणाले, 'सिनेमा चांगला आहे. पण माझ्या घरचं लग्न तुम्ही नोंदणी पद्धतीनं लावलंत.' त्यांच्या काही वाचकांनी मला पत्रं पाठवली, त्यांतली भाषा इथे छापता येणार नाही. माझं मत अजून बदललेलं नाही.

बोलीचं एक सांगायला हवं. माणदेशी किंवा वऱ्हाडी कादंबरी घेतली की पुण्या-मुंबईच्या नटांना पुस्तकातली वाक्यं पाठ करायला देऊन भागत नाही. कागदावरची बोली डोळ्यांसाठी लिहिलेली असते, तोंडात आली की ती नाटकी वाटते. मी गावातल्या दोन-तीन माणसांना तालमीला बसवतो, प्रसंग सांगतो आणि त्यांना तो भांडायला लावतो. त्यातली दहातली आठ वाक्यं पुस्तकापेक्षा लांबची असतात, उरलेली दोन थेट पुस्तकातलीच निघतात. ती दोन ठेवायची.

नाटक मात्र मी घेतलं नाही. दोनदा विचारणा झाली. 'कट्यार काळजात घुसली' १९६७ चं, चित्रपट झाला २०१५ साली. 'नटसम्राट' १९७० चं, चित्रपट २०१६ साली. दोन्ही लोकांनी उचलून धरले. ज्यांनी केलं त्यांची छाती मोठी. ज्या नाटकातली वाक्यं प्रेक्षक नटाच्या आधी म्हणतो, तिथे मी कॅमेरा कुठे ठेवायचा ते मला अजून उमगलेलं नाही.

'आता तुमच्याकडे सांगायला काही उरलं नाही का,' असा प्रश्न मुलाखतीत हटकून येतो. विचारणारा सभ्य असेल तर जरा आडवळणानं विचारतो. मी त्याला शांतारामबापूंचं उदाहरण देतो. 'कुंकू' (१९३७) ना. ह. आपट्यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरचा, तेव्हा बापू ऐन पस्तिशीत होते. 'चानी' (१९७७) खानोलकरांच्या कादंबरीवरचा, तेव्हा पंचाहत्तरी उलटलेली. मधल्या चाळीस वर्षांत त्यांना काय स्वतःचं सुचत नव्हतं? 'कुंकू'त पार्श्वसंगीत नाही. घरातले, रस्त्यातले आवाज आहेत आणि त्यावर जरठ-कुमारी विवाहाची सगळी घुसमट उभी केलेली आहे. कथा कुणाची यानं तिथे काय फरक पडला? सत्यजित राय यांनी १९६२ साली 'कांचनजंघा' स्वतः लिहिला, त्याआधी आणि नंतर विभूतिभूषण, टागोर, प्रेमचंद असे दुसऱ्यांच्या दारी ते गेलेच. हृदयविकारानंतर बाहेर हिंडण्यावर मर्यादा आल्या, तेव्हा त्यांनी इब्सेनचं नाटक घेऊन 'गणशत्रु' केला. इब्सेनच्या गावात दूषित होतं ते औषधी स्नानगृहांचं पाणी, रायबाबूंनी ते देवळातलं तीर्थ केलं. एवढ्या एका बदलानं नॉर्वेचं नाटक बंगालचं झालं. कुरोसावांनी पंचाहत्तरीत 'किंग लियर' घेऊन 'रान' उभारला, मुलींच्या जागी मुलगे आणले. आम्ही त्यांच्या पासंगालाही पुरणार नाही, पण रस्ता तोच आहे आणि तो म्हातारपणी सुचलेला आडरस्ता नव्हे, एवढं सांगता येतं.

खरी अडचण वेगळीच आहे आणि ती कुणी विचारत नाही. दुसऱ्याचं वाचायला लागल्यापासून माझं निखळ वाचन गेलं. कुठलंही पुस्तक उघडलं की मधोमध उभी रेघ दिसायला लागते. प्रवासात चांगली कादंबरी वाचतोय आणि डोक्यात पावसाचा खर्च चाललाय, दोनशे माणसांची जत्रा ज्युनिअर आर्टिस्टांत कशी भागवायची ते चाललंय. बायको म्हणते, तुम्ही पुस्तक वाचत नाही, बजेट काढता. तिच्याकडून मी आता पुस्तकांची शिफारस घेतो. ती नुसती वाचते. वाचून झाल्यावर दोन दिवसांनी तिला कुठला प्रसंग आठवतो ते विचारायचं आणि तिथून सुरुवात करायची.

सध्या एका तरुण लेखिकेच्या कादंबरीवर काम चालू आहे. हीसुद्धा बायकोच्याच हातून आलेली. पहिल्या भागात नायक बारा वर्षांचा, शेवटच्या भागात चाळिशीचा आणि मधली सगळी वर्षं गावातल्या धरणाचं पाणी चढत जातं. निर्माता म्हणतो, दोन नट घ्या, मधे एक गाणं टाका, मोठा होईल. लेखिका म्हणते, तो मोठा होत नाही, पाणीच फक्त वाढतं, म्हणून एकच नट हवा. चाळिशीचा माणूस बारा वर्षांचा कसा दाखवायचा, असं मी तिला विचारलं, तर म्हणाली, 'ते तुम्ही बघा दादा, दिग्दर्शक तुम्ही आहात.' छायाचित्रकाराचं म्हणणं, मुलाला सगळ्या चित्रपटभर पाठमोराच ठेवू. मला ते पटलेलं नाही. रकान्यांत अजून बरंच उरलंय. करारात मुदत तीन वर्षांची घातली आहे, त्यातलं एक संपत आलं. येत्या शनिवारी पुन्हा बसतोय, लेखिका कोल्हापूरहून येणार आहे, आणि निर्मात्याला मी मुद्दामच बोलावलेलं नाही.